ज्याची त्याची रीत

“ज्याच्या त्याच्या घरची रीत” हे वाक्य इंदूरच्या मराठी घरांतून जितक्या वेळा उच्चारले जात असेल, तितक्या वेळा ते पुण्यात किंवा साताऱ्यात उच्चारले जात नसावे. तेथे शेजारीही बहुधा आपल्याच रीतीचा असतो. येथे मात्र भिंतीला भिंत लागून दुसरी रीत नांदते. आपली जन्माष्टमी श्रावणातली, शेजाऱ्यांची भाद्रपदातली, आणि दिवस मात्र एकच! आपल्याकडे आजोबा नातवंडांच्या ओढीने लेकीच्या घरी महिना महिना मुक्काम करतात. जुन्या वळणाचा मालवी बाप लेकीच्या सासरी पाण्याचा घोटही घेत नाही. आपली भाची मामाच्या पाया पडते. येथे मामा भाचीचे पाय पूजतो. छत्रीबागेसारख्या वस्तीत तर एकीकडे होळकर घराण्याच्या छत्र्या, दुसरीकडे लक्ष्मी-व्यंकटेशाचे देवस्थान. देव दाक्षिणात्य परंपरेचा, भक्त बहुतांशी मारवाडी आणि रथयात्रा पाहायला गच्च्यांवर उभे राहणाऱ्यांत आपण मराठी मंडळी.

पिढ्यान्पिढ्यांच्या या सहवासाने आपल्या अंगी एक शहाणपण मुरले आहे. दुसऱ्याच्या चालीला नावे ठेवू नयेत. त्याची त्याला शोभते, आपली आपल्याला. परदेशांतील विद्वानांनी यालाच तात्त्विक रूप देऊन असे म्हटले की नीती ही समाजसापेक्ष असते. एका समाजाच्या आचाराला दुसऱ्या समाजाच्या मापाने मोजणे हाच मुळी अन्याय होय. अमेरिकेत रूथ बेनेडिक्ट या विदुषीने १९३४ साली या विचाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. आपल्या आजीला ही विदुषी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण तिचे मत काही वेगळे नव्हते. या लेखात मला त्या मताची हद्द कोठपर्यंत पोहोचते ते पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी इंदूर सोडून फार लांब जाण्याची गरज नाही.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. माझ्या शाळेतील एक मालवी सहकारी काही वर्षांपूर्वी एका मराठी लग्नाहून परतले ते फार अस्वस्थ होऊन. नवरीने सासूला ‘आत्या’ म्हणून हाक मारलेली त्यांनी ऐकली होती. प्रथम त्यांना ते नुसते आदरार्थी संबोधन वाटले. मग कळले की ती खरोखरच तिची आत्या आहे. “सर, यह तो भाई-बहन हुए!” एवढेच ते म्हणाले, आणि पुढे बोलणे त्यांना अवघड झाले. ज्या भाचीचे पाय पूजावयाचे तिच्या आईच्या मनात तिला वाढवताना भावाच्या घरचे नाते जुळवण्याचा विचार यावा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आपल्याकडे तर हे नाते भाषेतच मुरले आहे. जुन्या मराठी घरांतून सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणत असे. नात्यात लग्न झालेले नसले तरीही. रूढी क्षीण झाली, शब्द राहिले. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचा जो आराखडा मांडला, त्यात महाराष्ट्राची जागा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पद्धतींच्या मधोमध आहे. मामेबहीण चालते, पण आतेबहीण सहसा चालत नाही, हा आपल्या अनेक जातींतील दंडक त्या मधल्या जागेचाच द्योतक आहे.

आणि ज्या शहरात हा प्रसंग घडला ते शहर ज्या घराण्याचे, त्या घराण्याच्या मूळपुरुषाचे लग्न कोणाशी झाले होते? सुभेदार मल्हारराव होळकर लहानपणी पोरके होऊन खानदेशात तळोद्यास मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले, आणि त्याच मामांची कन्या गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. माळव्यातील मराठी सत्तेचा एक पाया मामेबहिणीशी झालेल्या विवाहावर उभा आहे, असे थट्टेने म्हणता येईल. माझ्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. पण पटले मात्र नाही.

हा वाद काही आजचा नव्हे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेचे पाच आणि उत्तरेचे पाच वादग्रस्त आचार मोजून दिले आहेत. दक्षिणेकडचे लोक मुंज न झालेल्याबरोबर जेवतात, पत्नीबरोबर जेवतात, शिळे खातात, मामेबहिणीशी आणि आतेबहिणीशी लग्न करतात. उत्तरेकडचे लोक लोकर विकतात, मद्य पितात, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार करतात, शस्त्रांवर पोट भरतात, समुद्रावर जातात. दक्षिणेचा आचार उत्तरेत केला किंवा उत्तरेचा दक्षिणेत केला तर दोष. ज्याच्या त्याच्या देशात मात्र तो देशच प्रमाण, असे एक मत सूत्रकाराने दिले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे ‘ज्याची त्याची रीत’च होय! गंमत अशी की, हे मत देऊन सूत्रकार थांबत नाही. गौतमाला हे मान्य नाही, तो याला खोटे म्हणतो, अशीही नोंद तो लगेच करतो. म्हणजे देशाचार हेच प्रमाण, आणि देशाचाराच्या वरही काही प्रमाण असले पाहिजे, या दोन्ही बाजू आपल्या परंपरेत एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. पुढे माधवाचार्यांसारख्या पंडितांनी मातुलकन्येशी विवाहाचे समर्थन केले. अर्जुनाची सुभद्रा ही त्याच्या मामाचीच मुलगी, हा दाखला तर सर्वांच्या तोंडी आहे. स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही शेवटी बौधायनाचीच वाट धरली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बहीण-भावांच्या अपत्यांचा विवाह निषिद्ध नात्यांत घातला आहे. मात्र उभयपक्षांच्या रूढीत तो चालत असेल तर चालू द्यावा, अशी मोकळीकही ठेवली आहे.

माझ्या मते येथे सापेक्षतावाद्यांचा विजय निर्विवाद आहे. माझे सहकारी दुष्ट नव्हते आणि ती नवरीही पापिणी नव्हती. नात्यांचे दोन नकाशे होते. एकात जी वाट होती तेथे दुसऱ्यात कुंपण होते, इतकेच. जवळच्या रक्तात लग्न झाल्यास काही आनुवंशिक रोगांचा संभव वाढतो, हे डॉक्टर सांगतात ते खरे आहे आणि ते मराठी रक्ताला लागू नाही असे मुळीच नाही. त्याचा विचार वधूवरांनी जरूर करावा. पण तो वैद्यकाचा विचार झाला. माझ्या सहकाऱ्यांच्या मनात जो शहारा आला तो वैद्यकातून आलेला नव्हता.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सांगितलेली एक कथा या संदर्भात नेहमी दिली जाते. इराणचा सम्राट दारियस याने दरबारातील ग्रीकांना विचारले, किती धन दिले तर तुम्ही वडिलांचे प्रेत खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कल्लतिय नावाच्या हिंदी लोकांना बोलावले, ज्यांच्यात तशी चाल असल्याचे तो इतिहासकार लिहितो, आणि त्यांना विचारले, किती धन दिले तर वडिलांचे प्रेत जाळाल? ते कानांवर हात ठेवून ओरडले की असे अभद्र बोलू नका. रूढी ही सर्वांची राणी आहे, असा निष्कर्ष हिरोडोटस काढतो. कथेतील हिंदी लोक खरोखर कोण होते याची चर्चा विद्वानांनी करावी. पण छत्रीबागेत उभे राहून ही कथा आठवली की तिचा अर्थ लख्ख दिसतो. कोणी मृताला अग्नी देतो, कोणी मातीत ठेवतो, पारशी दोखम्यात नेतात, आपल्यातच संन्याशाला समाधी देतात आणि लिंगायत बंधू दफन करतात. होळकरांनी तर देहाला अग्नी देऊन वर छत्रीही उभारली. या साऱ्यांत मागे राहिलेल्यांची माया एकच असते, फक्त तिची भाषा वेगळी. मृताच्या बाबतीत कोणाच्या रीतीला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

पण छत्री ज्यांची असते ते सगळेच आपल्या मरणाने गेलेले असतात काय?

अहिल्याबाईंची जन्मत्रिशताब्दी २०२५ साली साजरी झाली. शाळाशाळांतून निबंध, वक्तृत्व, चित्रे असे कार्यक्रम झाले. आमच्याही शाळेत झाले. घाट, मंदिरे, न्याय, दानधर्म असे सर्व मुद्दे विद्यार्थ्यांनी पाठ केले होते. नववीच्या एका मुलीने मात्र भाषण संपल्यावर वर्गशिक्षकांना विचारले, “सती जाण्यापासून त्या स्वतः थांबल्या, मग स्वतःच्या मुलीला त्यांनी का जाऊ दिले?” शिक्षक चांगले वाचलेले गृहस्थ; त्यांनी उत्तर दिले, “बेटा, उस ज़माने की यही रीत थी.” मुलगी बसली. मला मात्र ते उत्तर पुढे बरेच दिवस पुरले नाही. पुण्यश्लोक म्हणून जिची प्रतिमा आपल्या देवघरात आहे, तिच्याविषयी असा प्रश्न इंदुरात विचारणे हे धाडसाचे आहे; पण तो एका चौदा वर्षांच्या मुलीने विचारला आहे, तेव्हा त्याला नीट सामोरे गेले पाहिजे.

प्रसंग दोन आहेत. पहिला मार्च १७५४ चा. भरतपूरच्या जाटांच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तेथे तोफेच्या गोळ्याने पडला. अहिल्याबाई तेव्हा एकोणतिशीच्या आतल्या. त्या सती जाण्यास निघाल्या. साठी उलटलेल्या सासऱ्याने त्यांना अडवले. आता खंडू गेला, तूही गेलीस तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू, तूच माझा मुलगा, अशा आशयाची विनवणी त्यांनी केली अशी परंपरा सांगते. अहिल्याबाई थांबल्या. १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेल्यावर दौलतीचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि तो त्यांनी १७९५ पर्यंत कसा केला हे सांगण्याची या मासिकाच्या वाचकांना गरज नाही.

दुसरा प्रसंग महेश्वरचा, १७९१ चा. अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई हिचा मुलगा आधीच वारला होता. आता तिचे पती यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात या दिवसाची हकीकत दिली आहे. घटनेनंतर तीसएक वर्षांनी, ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना विचारून ती लिहिलेली आहे. आई मुलीपुढे जमिनीशी लीन झाली, देवाची आण घालून म्हणाली की मला या जगात एकटी टाकून जाऊ नकोस. मुलीचे उत्तर प्रेमळ पण अढळ होते. तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तुझे पुण्यशील आयुष्य सरेल. माझा मुलगा गेला, नवरा गेला. तूही गेल्यावर मला जिणे असह्य होईल, आणि सन्मानाने मरण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असेल. आई अंत्ययात्रेबरोबर चालत गेली. चितेपाशी दोन ब्राह्मणांनी तिचे दंड धरले होते. ज्वाळा उठेपर्यंत तिने स्वतःला सावरले; मग मात्र तिचा धीर सुटला, ती किंचाळली आणि धरलेले हात सोडवता येईनात तेव्हा स्वतःचेच हात चावू लागली. नंतर नर्मदेत स्नान करून ती वाड्यात गेली आणि तीन दिवस तिने अन्नाला जवळजवळ स्पर्श केला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. पुढे तिने त्या दोघांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू उभारली.

“ती त्या काळाची रीत होती.” हे वाक्य आता या दोन प्रसंगांना लावून पाहा. ते लागत नाही. कारण १७५४ साल १७९१ च्या आधीचे आहे, आणि तेव्हाच त्या रीतीला नको म्हणणारा माणूस त्या घरातच होता. मल्हारराव काही सुधारक नव्हते. त्यांनी इंग्रजी ग्रंथ वाचले नव्हते, शास्त्रार्थ केला नव्हता, सतीची चाल वाईट म्हणून कोठे फर्मान काढले नव्हते. मामेबहीण करणारा, घोड्यावर आयुष्य काढलेला, त्या काळाचा आणि त्या रीतीचा पुरता माणूस होता तो. सून जळावी हे त्याला सोसेना, एवढेच. आणि १७९१ मध्ये नर्मदेच्या काठी आईने स्वतःचे हात चावले ते कोणत्या संस्कृतीचे माप लावून? रीत जर माणसाच्या मनाला पुरती घडवीत असती, तर पुण्यशील मातेने त्या क्षणी कृतार्थ व्हावयास हवे होते. तिची बुद्धी रीतीबरोबर चितेपर्यंत चालत गेली. तिचे शरीर गेले नाही.

‘समाजाची रीत’ असे आपण एकवचनी बोलतो तेथेच चूक होते. समाज कधीच एका आवाजात बोलत नसतो. मोठ्या आवाजाला आपण समाजाचा आवाज समजतो. सातव्या शतकात बाणभट्टाने कादंबरीत मृतामागे मरण्याच्या वेडाचा कडक शब्दांत निषेध केला आहे. मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी याने स्त्रीच्या सहगमनाला आत्मघाताच्या रांगेत बसवून ते अशास्त्र ठरवले. उलट याज्ञवल्क्यावरील मिताक्षरेने ते उचलून धरले. म्हणजे चर्चा चालू होती, बाजू दोन होत्या. मराठ्यांच्या इतिहासातही थोरल्या माधवरावांच्या मागे रमाबाई थेऊरला १७७२ मध्ये सती गेल्या त्या निष्ठेची गाथा आपण सांगतो. पण छत्रपती शाहूंच्या मागे १७४९ च्या डिसेंबरात सकवारबाई सती गेल्या तेव्हा त्यांची वाट राजकारणाने कशी आखली होती, हे सांगताना इतिहासकारांची लेखणी अडखळते. दोन्हींची रीत एक, नाव एक. आत काय होते ते मात्र नावावरून कळत नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी इंग्रजांनी शिकवलेली दृष्टी. तर इंग्रजांचेही पाहू. महेश्वरच्या त्या चितेच्या दोनच वर्षे आधी, १७८९ मध्ये, लंडनच्या न्यूगेट तुरुंगासमोर कॅथरिन मर्फी नावाच्या स्त्रीला खोटी नाणी पाडल्याच्या गुन्ह्यासाठी आधी गळफास देऊन मग खांबाशी जाळण्यात आले. त्याच गुन्ह्यासाठी पुरुषाला नुसती फाशी होती. स्त्रीसाठी अग्नी हा कायदाच होता. पुढल्याच वर्षी, १७९० मध्ये, त्यांच्या पार्लमेंटने तो रद्द केला. कोणा परकीयाने येऊन त्यांना शिकवले नाही. त्यांच्यातच ज्यांना ते पाहवत नव्हते अशांनी तो रद्द करवला. आपल्याकडे बेंटिंकने ४ डिसेंबर १८२९ रोजी सतीबंदीचा कायदा केला त्याच्या अकरा वर्षे आधीपासून राममोहन रॉय त्याच विषयावर लिहीत होते, आणि तेही शास्त्रांचे आधार देऊन. मुंबई इलाख्यात १८३० मध्ये तीच बंदी आली तेव्हा गव्हर्नर होता मुक्ताबाईची हकीकत लिहिणारा जॉन माल्कम. लोकांच्या चालीरीतींत सरकारने घाईने हात घालू नये, या मताचा हा मनुष्य होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सिंधचा विजेता चार्ल्स नेपियर याची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. सती ही आमची रीत आहे असे सांगणाऱ्या पुरोहितांना त्याने म्हणे असे सुनावले की, स्त्रीला जाळणाऱ्यास फासावर देणे ही आमच्या देशाची रीत आहे, तेव्हा तुम्ही तुमची पाळा, आम्ही आमची पाळतो. उत्तर चटकदार आहे आणि वक्ते ते आवडीने सांगतात. मला ते आवडत नाही. हे उत्तर न्यायाचे नाही, तलवारीचे आहे. बळकटाची रीत चालेल, एवढाच त्याचा अर्थ होतो. मल्हाररावांचे उत्तर याहून निराळे होते. ते सुनेला उद्देशून होते, पुरोहितांना उद्देशून नव्हते.

आता अवघड भाग. मुक्ताबाईला कोणी ओढून नेले नव्हते. ती आपल्या इच्छेने गेली. आई पाया पडली तरी गेली. मग तिच्या इच्छेचा मान राखणे हेच उचित नव्हे काय? आईनेही शेवटी तेच केले असेल. या ठिकाणी मी पुष्कळ वेळ थांबलो, आणि मला वाटते की उत्तर मुक्ताबाईच्याच शब्दांत आहे. जगणे असह्य होईल असे ती म्हणाली; पण तेवढेच म्हणाली नाही. सन्मानाने मरण्याची वेळ निघून जाईल, असेही म्हणाली. म्हणजे आज मेले तर सती, उद्यापासून जगले तर विधवा. ज्या व्यवस्थेने सगळा मान चितेवर ठेवला आणि सगळा अपमान चितेच्या अलीकडे, तिने आधी दुसरी वाट काट्यांनी बुजवली आणि मग म्हटले, बघा, हिने स्वखुशीने पहिली निवडली! त्या काट्यांचे स्वरूप आपल्या पणज्यांना पाहिलेल्यांना सांगावे लागणार नाही. केशवपन, लाल आलवण, एकभुक्त आयुष्य, कोनाड्यातली जागा. मुक्ताबाईच्या धैर्याला मी हात जोडतो. तिच्यापुढे ठेवलेल्या त्या दोन वाटांना जोडत नाही.

अहिल्याबाई चितेवर गेल्या असत्या तर काशीचे विश्वेश्वराचे मंदिर कोणी बांधले असते, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. मला तो पुरा वाटत नाही. जिने एकही घाट बांधला नाही, जी पुढे चाळीस वर्षे नुसती पोळ्या लाटून आणि वाती वळून गेली, तिलाही जगण्याचा तेवढाच अधिकार होता.

राज्यकर्ती म्हणून अहिल्याबाईंनी सतीबंदीचा हुकूम काढला नाही, हे खरे आहे. निपुत्रिक सावकाराच्या विधवेची दौलत सरकारजमा करण्याची चाल मोडून ती तिलाच वापरू देण्याइतके धैर्य त्यांच्यात होते. भर दरबारात बसून कारभार करण्याइतके होते. पण येथे त्यांनी विनवणी केली, आज्ञा केली नाही. धर्माच्या आज्ञेवर राजाज्ञा चालवणे त्यांना योग्य वाटले नसावे. त्यांची थोरवी याने कमी होते असे मला वाटत नाही. आणि थोरवी आहे म्हणून हा प्रश्न झाकून ठेवावा असेही वाटत नाही. नववीतल्या त्या मुलीला मी बोलावून एवढेच सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “लेकिन सर, रोक तो सकती थीं.” त्यावर मी काय बोलणार?

रीतीच्या नावाने लढाया पुढेही झाल्या. रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. अजाणपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदण्यास जाण्याचे त्यांनी नाकारले होते. १८८७ मध्ये कोर्टाने नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. संमतिवयाचे बिल आले तेव्हा टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे राहिले. टिळकांचे म्हणणे बालविवाह चांगला असे नव्हते. आमच्या घरात परक्या सरकारने कायद्याने शिरू नये असे होते, आणि पारतंत्र्यात त्याला वजन होते. पण कलकत्त्यास फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली होती. आमचे आम्ही पाहून घेऊ, हे म्हणणे तिच्या वतीने कोणी म्हणायचे? १८९१ मध्ये वयोमर्यादा दहाची बारा झाली, एवढाच तो बदल. आणि त्यासाठी एवढे रणकंदन!

हाच वाद साऱ्या जगाच्या पातळीवर १९४७ साली उठला. संयुक्त राष्ट्रे मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहीत असताना अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने निवेदन काढले की, एका संस्कृतीची मूल्ये सगळ्या जगावर लादली जाऊ नयेत. वसाहतवादाच्या त्या काळात ही सूचना सद्भावनेची होती. पण त्या मसुद्यावर ज्या बसल्या होत्या त्यांत आपल्या हंसाबेन मेहता होत्या, आणि पहिल्याच कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघणारा इंग्रजी शब्द बदलून तेथे ‘सर्व माणसे’ असा निःसंदिग्ध शब्द घालण्याचा आग्रह त्यांनी धरला. आपापल्या रीती सांभाळण्याची भाषा परदेशातले पंडित बोलत होते, आणि सर्वांना एक माप लावा असे हिंदुस्थानातील स्त्री म्हणत होती.

ही सगळी जुनी कथा झाली असे वाटत असेल तर सांगतो. राजस्थानात देवराळा येथे सप्टेंबर १९८७ मध्ये अठरा वर्षांची रूपकंवर पतीच्या चितेवर जळाली, आणि त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्या उदात्तीकरणाच्या खटल्यातील आठ आरोपी ऑक्टोबर २०२४ मध्ये जयपूरच्या न्यायालयातून सुटले. आपल्याच मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातील पटना तमोली गावी, ऑगस्ट २००२ मध्ये असाच प्रकार घडला. तेथेही ‘रीत’ हाच शब्द ऐकू आला.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे आणि ते आपल्या महाराष्ट्रातले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावातून बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. बाहेरून कोणी आलेले नव्हते. ज्यांची रीत होती त्यांनीच ती मोडली.

हेरवाडची बातमी आमच्या वस्तीत पोहोचल्यावर येथील महिलांच्या एका मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाविषयी चर्चा झाली. आजवर विधवा भगिनींना तिळगूळ मिळे. कुंकू, गजरा आणि वाण मिळत नसे. त्या वर्षी तरुण सुनांनी ठरवले की येईल तिला सगळे द्यायचे. ऐंशीच्या घरातल्या एक आजी रांगेत होत्या. कुंकवाचे बोट कपाळाशी येताच त्यांनी ते हलकेच हाताने अडवले. “मला नको गं, माझ्यानं होणार नाही,” म्हणाल्या. वाण मात्र घेतले आणि गजरा शेजारच्या एका तरुण विधवा मुलीच्या केसांत आपल्या हाताने माळला. पुढील वर्षाच्या निमंत्रणपत्रिकेतून ‘सुवासिनींनी’ हा शब्द काढून ‘भगिनींनी’ असा घालावा, असा ठराव नंतरच्या बैठकीत आला. मते बरोबर निम्मी निम्मी पडली, आणि अध्यक्षबाईंनी विषय पुढील सभेवर ठेवला.